जिम रीव्हजची गाणी ‘मिळमिळीत’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं, आणि ती नीट वाजवावी कशी?

कॅम्पकट्टा (बेळगाव)

मंडळी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक वादाची, एक कामाची.

वादाची आधी. अमेरिकेतल्या कंट्री, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, संगीतात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९५७ ते १९६४ या काळातलं नॅशव्हिल शहरातल्या स्टुडिओंतलं गाणं. जिम रीव्हज, पॅट्सी क्लाइन, एडी अर्नोल्ड. मागे चार आवाजांचा कोरस, पियानो, व्हायोलिनचा ताफा. हल्ली आपल्या भागात कंट्री ऐकणारी तरुण मंडळी वाढलीत, पण त्यांच्या लेखी वेलन जेनिंग्ज आणि ‘आउटलॉ’ (कंपन्यांशी भांडून आपल्या मनासारखं गाणारी) मंडळी तेवढी खरी. रीव्हज म्हणजे नाताळात कॅम्पात लागणारी म्हाताऱ्यांची गाणी, साखरेचा पाक, मिळमिळीत. मला हे पटत नाही. पण ‘मला आवडतं’ एवढं म्हणून वाद संपत नाही. या गाण्यांत कारागिरी कुठं आहे, कान कुठं लावायचा, हे कुणी नेमकं सांगाल काय?

आता कामाची. डिसेंबरात तासाभराचा कार्यक्रम ठरलाय. साठेक माणसं, लहान हॉल, खाली शहाबादी फरशी, भिंती प्लास्टरच्या. गायकाचा आवाज खर्जातला. एक अकूस्टिक गिटार, एक इलेक्ट्रिक, पेटी, तबला. कोरसला दोघं मिळतील. पियानो नाही. पेटीवाले भजनी मंडळातले आहेत, सरगम पक्की, पण इंग्रजी कॉर्ड वाचत नाहीत. तबला सुरू झाला की गाणं गझलेकडं वळतंय. आणि स्टील गिटारचा (तारांवर कांब सरकवून वाजवतात ती) तो सरकता आवाज पाहिजेच, रीव्हजच्या गाण्यात तोच तर जीव आहे. साध्या गिटारवर तो निघेल काय?

सरकती_तार (निपाणी)

कट्टा, आधी एक दुरुस्ती, कारण वादात समोरचा याच जागी पकडेल. रीव्हजच्या १९५७ नंतरच्या गाजलेल्या गाण्यांत स्टील गिटार बहुतेक ठिकाणी नाहीच. तिथं आहे पियानो, व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्या), हलकी इलेक्ट्रिक गिटार, उभा बास आणि कोरस. स्टील आणि फिडल (गावाकडच्या ढंगानं वाजवायचं व्हायोलिन) मागे सारून त्यांच्या जागी कोरस आणि व्हायोलिनचा ताफा आणायचा, हाच तर ‘नॅशव्हिल साउंड’चा मुख्य फेरफार होता. आरसीए कंपनीत चेट अॅटकिन्स आणि डेक्का कंपनीत ओवेन ब्रॅडली, या दोन निर्मात्यांनी तो केला. रॉक अँड रोल आल्यावर कंट्रीच्या रेकॉर्डी खपेनाशा झाल्या, तेव्हा शहरातल्या श्रोत्यापर्यंत पोचायची ही वाट त्यांनी काढली.

तुम्हाला जो सरकता आवाज आठवतोय तो बऱ्याचदा पियानोचा असतो. फ्लॉइड क्रेमरचा ‘स्लिप नोट’. त्याबद्दल पेटीवाल्यांपैकी कुणीतरी लिहा. खऱ्या स्टीलबद्दल मी खाली सविस्तर लिहितो, कारण कार्यक्रमात ती असायला हरकत काहीच नाही.

शहापूरची_ओसरी (बेळगाव)

वादाच्या भागावर लिहितो. आपल्या लोकांना हे पटवायला आपल्याच घरातला दाखला आहे. नाट्यसंगीत घ्या. मायक्रोफोन नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर खुला, तयार आवाजच पाहिजे. मग ध्वनिमुद्रिका आल्या, रेडिओ आला, आणि जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांनी भावगीत घराघरात नेलं. एका माणसानं एका माणसाच्या कानाशी गावं तसं गाणं. तो आवाज थिएटरात मावला नसता, पण मायक्रोफोनसमोर त्यातला श्वाससुद्धा अर्थ सांगायचा. भावगीताला कुणी मिळमिळीत म्हणत नाही आपल्यात. मग रीव्हजला का?

तिकडं घडलं ते असंच. रीव्हज मुळात टेक्सासचा, जन्म १९२३ चा, आणि गायक म्हणून नाव होण्याआधी रेडिओवरचा निवेदक. १९५३ मधलं त्याचं पहिलं मोठं यश हे मोठ्या आवाजातलं, उड्या मारणारं गाणं आहे. १९५७ मध्ये त्यानं पट्टी उतरवली, आवाजाची पातळी उतरवली आणि ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून गायला. तिथून पुढचा रीव्हज तुम्हाला माहीत आहे. १९५३ चं एक आणि १९५९ चं एक अशी दोन गाणी पाठोपाठ लावा आणि वाद घालणाऱ्याला विचारा, यातलं अवघड कुठलं? जोरात गाताना सुराची थरथर झाकली जाते. हळू गाताना झाकायला काही उरत नाही.

कान कुठं लावायचा म्हणाल तर एकच गाणं तीनदा ऐका, दर वेळी एकच गोष्ट धरून.

पहिल्यांदा फक्त बास. बॉब मूरचा उभा बास बहुतेक वेळ मात्रा १ आणि ३ वरच बोलतो, सा आणि प. त्याच्याबरोबर कित्येक गाण्यांत आणखी एक कोरडा ‘टक टक’ आवाज असतो. ती सहा तारांची बास गिटार, तळव्यानं दाबून, प्लेक्ट्रमनं वाजवलेली. तिकडं तिला टिक-टॅक म्हणतात. लहानशा रेडिओवर उभ्या बासचा खर्ज ऐकू येत नसे, तिथं ही टकटक तो सूर दाखवून द्यायची.

दुसऱ्यांदा मधल्या जागा ऐका. गायकाची ओळ संपते आणि पुढची सुरू होते त्या दीड-दोन मात्रांत कोण बोलतं? पहिल्या कडव्यात पियानो, दुसऱ्यात गिटार, ध्रुवपदात कोरस. गायक शब्द म्हणत असताना कुणीही मध्ये तोंड घालत नाही. ऐकून वाजवणारे हे लोक, समोर छापील स्वरलिपी क्वचितच, आणि तीन तासांच्या एका बैठकीत तीन-चार गाणी पुरी करायचे. हे मिळमिळीत हाताचं काम नव्हे.

तिसऱ्यांदा शब्दांची टोकं. रीव्हज शेवटचं व्यंजन सोडत नाही, पण आपटतही नाही. निवेदकाची जीभ ती. नॉर्वे, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका, आपला गोवा, जिथं इंग्रजी ही घरची भाषा नाही तिथंच त्याला एवढा श्रोतावर्ग मिळाला, याचं एक कारण हेच की शब्द कळतात.

पॅट्सी क्लाइनचं ऐकताना लय बघा. साथ ठोक्यावर चालते आणि ती प्रत्येक ओळ किंचित मागे ठेवते, मग ओळीच्या शेवटी गाठते. १९६१ च्या जूनमध्ये तिला मोटार अपघात झाला होता. ऑगस्टमध्ये ‘क्रेझी’ हे गाणं करताना बरगड्यांच्या दुखण्यानं वरचे सूर लागेनात, म्हणून साथ आधी ध्वनिमुद्रित केली आणि तिनं आवाज नंतर येऊन भरला. ओवेन ब्रॅडलीचा तो स्टुडिओ म्हणजे अर्धगोल पत्र्याची शेड.

खानापूर_लाईन

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणून स्पष्ट लिहितो. टीका अगदीच पोकळ नाही. ताफा वाढत गेला तशी गाणी एकसारखी वाटायला लागली. फिडल आणि स्टील हे त्या संगीताच्या मातीतले आवाज, ते बाजूला पडले. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये बक ओवेन्सनं टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार आणि स्टील पुढं आणून याला दिलेलं उत्तर आजही ताजं वाटतं.

आणि रीव्हजच्या बाबतीत एक खास अडचण आहे. तो ३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ वादळात स्वतःचं लहान विमान चालवताना गेला. त्यानंतर कंपनीनं त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर, अगदी नमुन्यादाखल गायलेल्या गाण्यांवरसुद्धा, नवे ताफे चढवून रेकॉर्डी काढल्या. १९६६ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘डिस्टंट ड्रम्स’ हे तसंच, मूळचं नमुना-ध्वनिमुद्रण. १९८१ मध्ये तर रीव्हज आणि पॅट्सी क्लाइन यांचं युगुलगीत आलं. ती १९६३ च्या मार्चमध्येच गेलेली. वेगवेगळ्या टेपवरचे दोन आवाज यंत्रानं एकत्र बसवलेले. लोक ‘पाक’ म्हणतात तो बऱ्याचदा या नंतरच्या थरांचा.

म्हणून कट्टादादा, कुणाला ऐकवायचंच असेल तर त्याच्या हयातीतल्या, म्हणजे १९६४ च्या जुलैपर्यंतच्या रेकॉर्डी निवडा. संग्रहावर प्रसिद्धीचं वर्ष बघून भागत नाही, ध्वनिमुद्रणाचं वर्ष बघा.

शहापूरची_ओसरी (बेळगाव)

खानापूर, हे मान्य. नंतरच्या थरांबद्दल तर पूर्ण मान्य. पण ‘आउटलॉ विरुद्ध नॅशव्हिल साउंड’ अशी भिंत नाही हो. वर लिहिलेलं ‘क्रेझी’ कुणाचं? विली नेल्सनचं, तोही आउटलॉ मंडळीतलाच. वेलन जेनिंग्जला १९६५ मध्ये आरसीएमध्ये घेतलं कुणी? चेट अॅटकिन्सनंच. पुढं १९७० च्या दशकात भांडण झालं ते कुणाला साथीला घ्यायचं, कुठल्या स्टुडिओत जायचं, गाणी कोण निवडणार, या हक्कांचं. ते भांडण रास्त होतं. पण म्हणून आधीच्या लोकांच्या हातात कसब नव्हतं असं ठरत नाही.

पेटी_भाता (चिकोडी)

पेटीच्या भागावर. तुमच्या पेटीवाल्यांना इंग्रजी कॉर्ड शिकवायच्या भानगडीत पडू नका. नॅशव्हिलचे स्टुडिओवालेसुद्धा कॉर्डची नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात. जॉर्डनेअर्स या कोरसमधल्या नील मॅथ्यूजनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत काढली, चार्ली मकॉयनं ती वाद्यांसाठी वाढवली. मतलब एवढाच की गायकाची पट्टी बदलली तरी कागद बदलायला नको. म्हणजे आपली सरगमच की ओ ती! पेटीवाल्यांना एवढं लिहून द्या:

१ म्हणजे सा ग प
४ म्हणजे म ध सां
५ म्हणजे प नी रें, आणि ‘५ सात’ लिहिलं असेल तर त्यात मं जोडा
६ उणे म्हणजे ध सां गं
२ उणे म्हणजे रे म ध

२ च्या पुढं उणे नसेल तर मध्यम तीव्र घ्यायचा. ही जागा या गाण्यांत वारंवार येते, ५ वर जायच्या आधी. शुद्ध मध्यम वाजला तर गाणं तिथं पडल्यासारखं वाटतं आणि चूक कुणाची ते कळत नाही. कागदावर २ भोवती लाल गोल करा.

एक आवर्तन म्हणजे एक आकडा. सोळा आवर्तनांचं कडवं असं दिसेल:

१ १ ४ ४
१ १ ५ ५
१ १ ४ ४
१ ५ १ १

आता खरी अडचण. भजनातला पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, ओळ उचलतो, जागा भरतो. ते त्याचं शिक्षण आहे आणि तिथं ते बरोबर आहे. इथं ती सवय पूर्ण बंद. गायक गात असताना उजव्या हातानं चाल वाजवायची नाही, नुसती स्वरजुळणी धरायची, तीही हलकी. ओळ संपली की दीड मात्रा तुमची. तालमीच्या पहिल्या दिवशी पेटीवाल्यांना सांगा की चाल वाजवायचीच नाही, फक्त आकडे. दुसऱ्या दिवसापासून मधल्या जागा द्या. उलट क्रमानं गेलात तर सवय मोडत नाही.

स्लिप नोट. क्रेमरनं १९६० मध्ये ती गाजवली. गीतकार डॉन रॉबर्टसननं एका नमुना-ध्वनिमुद्रणात पियानो तसा वाजवला होता आणि चेट अॅटकिन्सनं क्रेमरला तसंच वाजवायला सांगितलं. पेटीवर असं करा: वरचा प दाबून ठेवा. खाली रे वर बोट टाका आणि लगेच ग वर जा. रे चा कण ठोक्यावर पडला पाहिजे, ठोक्याच्या आधी नव्हे. आधी पडला तर तो मुरकीसारखा ऐकू येतो आणि गाणं ठुमरीकडं जातं. प हलवायचा नाही, कारण वरचा सूर स्थिर असतो म्हणूनच खालचा सरकल्यासारखा वाटतो. ४ वर हेच प–ध होईल, वर सां धरून.

पियानोचा सूर वाजल्याबरोबर विझायला लागतो, पेटीचा विझत नाही. म्हणून पेटीवर बोट एका मात्रेत उचला, नाहीतर सगळ्या गाण्यावर घोंगडं पसरल्यासारखं होतं. कपलर (दुसऱ्या सप्तकाचा जोडसूर देणारी कळ) बंद ठेवा. खर्जाचे सूर उशिरा बोलतात, तेव्हा कण मधल्या सप्तकातच घ्या. भाता एकसारखा आणि अर्ध्या जोरानं.

आणि एक. गिटार पेटीला लावून घ्या, मोबाईलवरच्या ट्यूनरला नाही. जुन्या पेट्या कमी-अधिक उतरलेल्या-चढलेल्या असतात आणि पेटी काही कार्यक्रमाच्या दिवशी लावता येत नाही. गिटारच्या खुंट्या फिरवायला दोन मिनिटं लागतात.

सरकती_तार (निपाणी)

स्टीलबद्दल लिहितो म्हटलं होतं.

तारेवर लोखंडी कांब सरकवून वाजवायची युक्ती हवाई बेटांवरची, जोसेफ केकुकूच्या नावावर सांगितली जाते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आपल्याकडं ‘हवाईयन गिटार’ म्हणून ती इतकी रुजली की ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. मींड ज्या कानांना कळते त्यांना स्टील गिटार परकी वाटत नाही.

कंट्रीतला खास आवाज मात्र पेडलचा, म्हणजे पायानं दाबून तारांचे सूर बदलणाऱ्या स्टीलचा. १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’त बड आयझॅक्सनं तारा वाजत असतानाच पेडल दाबला आणि एका सुरांच्या जुडग्यातले काहीच सूर वर सरकले, बाकीचे जागेवर राहिले. हे एकदा नीट समजून घ्या. आजच्या दहा तारांच्या पेडल स्टीलवर पहिले दोन पेडल एकत्र दाबले की घडतं ते एवढंच:

सा जागेवर. ग चा म होतो. प चा ध होतो.

म्हणजे सा ग प वरून सा म ध. पेटीच्या भाषेत १ वरून ४. कंट्री ऐकताना पोटात हलतं ते या तीन सुरांमुळं. हे आधी पेटीवर वाजवून ऐका, मग गिटारला हात लावा.

आता तुमच्यापुढं दोन वाटा. पहिली, अकूस्टिक गिटार मांडीवर आडवी घेऊन कांबेनं वाजवणं. दुसरी, इलेक्ट्रिकवर तार ओढून पेडलचा भास करणं. तुमच्याकडं अकूस्टिक एकच आहे आणि तिला ठेका धरायचाय, म्हणून मी दुसरी सांगेन. तिसरी गिटार उसनी मिळाली तर पहिली.

इलेक्ट्रिकवर: ए ची पट्टी धरा. तिसऱ्या तारेवर सहावा पडदा, दुसरीवर पाचवा, पहिलीवर पाचवा. हे झालं ग, प, सां. पहिली तार करंगळीनं, दुसरी अनामिकेनं दाबा, मधलं बोट अनामिकेच्या मागे टेकूला. दोन्ही तारा एकत्र छेडा आणि दुसरी तार वरच्या बाजूला, म्हणजे तिसऱ्या तारेकडं, पूर्ण एक स्वर ओढा. प चा ध. पहिली तार हलता कामा नये. ध बरोबर लागला की नाही हे दुसऱ्या तारेच्या सातव्या पडद्याशी ताडून बघा. नवशिक्याचा ध जवळजवळ नेहमी उतरलेला असतो, कारण बोट दुखलं की ओढ थांबते. म्हणून तारांचा संच ९–४२ घ्या, फार तर १०–४६. अकूस्टिकवर हे करायला जाऊ नका. तिथं दुसरी तार जाड, तिसरी तर गुंडाळलेली, ती ओढून पूर्ण स्वर निघत नाही.

सुराची सुरुवात झाकायची. गिटारची आवाजाची कळ शून्यावर, तार छेडा, मग करंगळीनं कळ उघडा. पायानं दाबायचा व्हॉल्यूम पेडल असेल तर उत्तम, पण तो सगळा उघडून वाजवू नका. अर्ध्यावर ठेवून सुरू करा आणि सूर विझायला लागला की उघडत न्या. त्यानंच तो लांब वाटतो.

मांडीवरच्या वाटेला गेलात तर: तारा ओपन डी ला लावा. सहावी ई वरून डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. चौथी-पाचवी आहेत तशाच. सगळ्या तारा सैलच होतात, म्हणून गिटारला धोका नाही. इंटरनेटवर डोब्रोची (मांडीवर वाजवायची, आत धातूची तबकडी असलेली गिटार) जी लावणी सापडते तिच्यात सहावी आणि पाचवी तार चढवावी लागते. साध्या संचावर ते करू नका, तार तुटते, नाहीतर घोडी उचलते. या लावणीत १ म्हणजे मोकळ्या तारा, ४ पाचव्या पडद्यावर, ५ सातव्यावर. उणे आकडा आला की तिसरी तार टाळायची.

तारा पडद्यापासून ८ ते १० मिलिमीटर वर पाहिजेत. त्यासाठी मूळ नटवर (खुंट्यांच्या बाजूची, तारा टेकतात ती पट्टी) बसणारी पन्हाळीच्या आकाराची धातूची पट्टी मिळते, ‘नट एक्सटेन्शन’ म्हणून. तारा सैल करायच्या, पट्टी बसवायची, परत लावायच्या. गिटार कायमचीच मांडीवर घ्यायची असेल तर मिरज काही लांब नाही. सतारमेकर गल्लीत घोडी-जवारीची कामं रोज चालतात, तिथं उंच नटचं विचारून बघा.

कांब स्टेनलेस स्टीलची, भरीव, एक टोक गोल, ७ ते ८ सेंटिमीटर लांब, १९ ते २२ मिलिमीटर जाड. ती पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर, दोन पट्ट्यांच्या मध्ये नव्हे. वरून तिरकं बघितलं की नजर फसते आणि सूर चढतो किंवा उतरतो, म्हणून डोळ्यापेक्षा पेटीवरच्या सा वर विश्वास ठेवा. कांबेच्या मागे अनामिका आणि करंगळी तारांवर आडवी टेकवून सरकवा. ती उचलली की कांबेमागची तार खरखरते. बेसुरं वाटण्याचं कारण निम्म्या वेळा तेच असतं.

वायरमन_साउंड (संकेश्वर)

मायक्रोफोन आणि तबल्याचं मी सांगतो.

साधा हातातला डायनॅमिक मायक्रोफोन पुरतो. ओठापासून ३ ते ५ सेंटिमीटर, सरळ नाही, तोंडाच्या कोपऱ्याकडून तिरका. जवळ आलं की असल्या मायक्रोफोनमध्ये खर्ज फुगतो. तोच फुगवटा रीव्हजसारख्या आवाजाला हवाय, पण प, फ, भ ची हवा सरळ आत गेली की धप्प आवाज येतो, म्हणून तिरका. ८० हर्ट्झच्या खालचं कापा, २५० च्या आसपास ३ डेसिबल कमी करा. तेवढ्यानं शब्द मोकळे होतात.

सगळ्यात मोठी चूक अशी होते: गायक हळू गातो, पण मायक्रोफोन फूटभर लांब धरतो. मग साउंडवाला गेन वाढवतो आणि हॉल शिट्टी मारतो. हळू गायचं असेल तर जवळच गायचं, दुसरा इलाज नाही.

मिक्सरवरचा इको शून्य. फरशी आणि प्लास्टरचा हॉल स्वतःच घुमतो. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्यायचाच तर ‘प्लेट’ प्रकारचा, दीड ते पावणेदोन सेकंदांचा, सुरुवातीला ३० मिलिसेकंदांची फट ठेवून, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमारा नंतर. साउंडवाल्याला आधीच सांगा की हे डॉल्बीचं काम नाही, बास वाढवायचा नाही. हॉल रिकामा असताना लावलेला आवाज साठ माणसं बसल्यावर कोरडा होतो, तेव्हा दुसऱ्या गाण्यानंतर एकदा परत बघा.

कोरसचे दोघं एकाच मायक्रोफोनपासून हातभर लांब, फक्त ‘ऊ’, शब्द नाहीत. १ वर ग आणि प, ४ वर म आणि ध, ५ वर रे आणि प. एवढ्यात सगळं भागतं, कुणालाच उडी मारावी लागत नाही.

तबला. चार मात्रांच्या गाण्यात केरवा नको, तीन मात्रांच्या गाण्यात दादरा नको. दादऱ्यात सहा बोल भरलेले असतात, इथं पहिली मात्रा जड आणि बाकी दोन नुसत्या शिंपडलेल्या पाहिजेत. तबलजींना सांगा: डग्ग्यावर १ आणि ३, तळवा टेकवून, मींड न काढता. दायाँ बंद. २ आणि ४ वर पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यावर ड्रमचा तारांचा ब्रश. बडी हार्मन या ड्रमवाल्यानं त्या काळात जो ब्रश वाजवला, तो ऐकून ऐकून जमेल. गती मिनिटाला ७० ते ८०. संथ गाणं तिसऱ्या कडव्यात पळतं, हे जवळपास सगळ्यांचं होतं, म्हणून तालमीत मेट्रोनोम फक्त ब्रशवाल्याच्या कानात द्या.

कॅम्पकट्टा (बेळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टीलबद्दल माझं चुकलंच होतं, काल रात्री परत ऐकलं, तो पियानोच आहे. दोन शंका राहिल्या. गायकाची पट्टी कशी ठरवायची? त्यांना शक्य तितकं खाली गायचंय. आणि अकूस्टिकवाल्यानं ठेका नेमका कसा धरायचा?

पेटी_भाता (चिकोडी)

पट्टी संध्याकाळी ठरवा, सकाळी नाही. सकाळी आवाज खाली जातो, आणि तिथं बेतलेली पट्टी कार्यक्रमाच्या वेळी हाताला लागत नाही. गाण्यातला सगळ्यात खालचा सूर शोधा. गायकाला तो चार सेकंद न हलता, हवा न सांडता धरता आला पाहिजे. जिथं धरता येतो तिथून पट्टी आणखी एक स्वर वर घ्या. खर्जाच्या हौसेपायी पट्टी फार खाली गेली की शेवटचा शब्द नुसती हवा होतो, मायक्रोफोन कितीही जवळ असला तरी.

सरकती_तार (निपाणी)

अकूस्टिकवाल्यानं मात्रा १ वर मूळ सूर, २ वर खालच्या दिशेनं हलका झटका, ३ वर पंचम, ४ वर परत झटका. सी ला पाचवी तार तिसरा पडदा, मग सहावी तार तिसरा पडदा. एफ ला चौथी तार तिसरा पडदा, मग पाचवी तार तिसरा पडदा. जी ला सहावी तार तिसरा पडदा, मग चौथी मोकळी. झटका वाजला की डाव्या हाताची बोटं किंचित सैल सोडा, म्हणजे तो कोरडा राहतो. पट्टी बदलायला कापो (गिटारच्या गळ्यावर लावायचा चिमटा) लावा, आकार तेच राहतील. तीन मात्रांच्या गाण्यात एक आवर्तन मूळ सूर, पुढचं पंचम.

आणि गिटार आत्ता पावसाळाभर उघडी भिंतीला टांगली असेल तर खाली काढा. आपल्याकडच्या ओलीनं लाकूड फुगतं आणि तारा उंच होतात, डिसेंबरच्या कोरड्या हवेत ते परत बसतं. गिटारच्या केसमध्ये ठेवा, सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका, आणि नव्या तारा कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी चढवा. आदल्या दिवशी चढवलेल्या ताणत राहतात.

कॅम्पकट्टा (बेळगाव)

गिटार भिंतीवरच आहे. आजच काढतो. पेटीवाल्यांना आकड्यांचा कागद दिला, २ भोवती लाल गोल केलाय.

खानापूर_लाईन

तारीख ठरली की इथं टाका. ब्रश माझ्याकडं आहे, घेऊन येतो.